‘कच्चं गणित’ आणि ‘गणिताचं डोकं’: ग्रोथ माइंडसेटमागचा इतिहास

प्रगतिपुस्तकात गणितापुढे कमी गुण दिसले की दोन वाक्यं हटकून ऐकू येतात. ‘त्याचं गणित कच्चं आहे’ आणि ‘त्याला गणिताचं डोकंच नाही’. बोलणाऱ्याच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच. पण कच्चं असेल ते पिकू शकतं. डोकंच नाही म्हटलं की विषय संपला. मानसशास्त्रात शंभराहून जास्त वर्षं वाद चाललाय तो याच दोन वाक्यांमधला. ‘ग्रोथ माइंडसेट’, म्हणजे बुद्धी आणि क्षमता वाढवता येते ही धारणा, हे त्यातलं अलीकडचं पान.

पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. हेतू साधा होता: वर्गात मागे पडणारी मुलं हेरायची आणि त्यांना वेगळी मदत द्यायची. बुद्धी जन्मतः ठरलेली, ती वाढायची नाही, या मताला बिनेने १९०९ मध्ये ‘क्रूर निराशावाद’ म्हटलं होतं. लक्ष आणि स्मरणशक्ती सुधारावी म्हणून त्याने व्यायामही सुचवले. १९११ मध्ये तो वारला. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये त्याच चाचणीची सुधारित आवृत्ती काढली आणि तिच्याकडे उपजत बुद्धीचं माप म्हणून पाहिलं. बिनेला जे नको होतं, नेमकं तेच त्याच्या चाचणीच्या नावावर रूढ झालं.

पुढचा महत्त्वाचा टप्पा कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून आला. १९६० च्या दशकात मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांना दिसलं की विजेचा झटका टाळता येत नाही हे एकदा अनुभवलेली बरीच कुत्री नंतर सुटकेची वाट मोकळी असूनही जागची हलत नाहीत. मुलांचंही असंच होतं का, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी घेतला. पुढे ग्रोथ माइंडसेटची कल्पना त्यांच्याच नावाने ओळखली गेली. त्यांचा १९७५ चा प्रयोग अगदी लहान, जेमतेम १२ मुलांवरचा. ही ८ ते १३ वर्षांची मुलं एकदा अपयश आलं की हातपाय गाळणारी होती. काम होतं अंकगणिताचं. एका गटाला फक्त जमतील अशीच गणितं दिली. दुसऱ्या गटाला अधूनमधून मुद्दाम अपयश येऊ दिलं आणि त्या वेळी सांगितलं की प्रयत्न कमी पडले. नंतर दोन्ही गटांना अपयश आलं तेव्हा पहिला गट पूर्वीसारखाच ढेपाळला. दुसरा टिकून राहिला. मला या सगळ्या इतिहासातला हाच प्रयोग सर्वांत बोलका वाटतो. ‘सोपी गणितं द्या, आत्मविश्वास आपोआप येईल’ ही शिक्षकांची आवडती समजूत तिथे सपशेल पडली.

१९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला देऊन दाखवलं की ‘हुशार आहेस’ ही शाबासकी उलटते. अवघड काही समोर आलं की अशी मुलं लवकर कंटाळतात. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या ३७३ सातवीतल्या मुलांचे गणिताचे गुण दोन वर्षं पाहिले गेले. बुद्धी वाढते असं मानणाऱ्यांचे गुण चढत गेले, इतरांचे जवळपास आहेत तिथेच राहिले.

इथून पुढे कल्पनेला पाय फुटले. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गणितशिक्षणाच्या प्राध्यापक जो बोलर यांनी ती थेट गणिताच्या वर्गात नेली: वेळ लावून घेतलेल्या परीक्षांना विरोध, एकाच प्रश्नाच्या अनेक वाटा, चुकांना मान. त्यासोबत ‘चूक केली की मेंदू वाढतो’ हे वाक्यही पसरलं. ज्याचा आधार दिला जातो त्या २०११ च्या अभ्यासात महाविद्यालयातले २५ विद्यार्थी होते, आणि मोजली होती ती चुकीकडे लक्ष जाताना मेंदूत उमटणारी विद्युत प्रतिक्रिया. मेंदूची वाढ कुणी मोजलीच नव्हती.

वर्गावर्गांत ग्रोथ माइंडसेटचे तक्ते भिंतींवर लागले. १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिणाऱ्या मुलीला ‘छान प्रयत्न केलास’ एवढंच सांगून पुढे जाणं म्हणजे ग्रोथ माइंडसेट, अशी समजूत झाली. ‘निम्म्यात आणखी काही मिळवलं, तरी उत्तर निम्म्याहून कमी कसं आलं गं?’ हा प्रश्न राहूनच गेला. २०१५ मध्ये खुद्द ड्वेक यांनाच लिहावं लागलं की नुसत्या प्रयत्नांचं कौतुक हा याचा अर्थ नाही.

मग आकड्यांनीही पाणी ओतलं. २०१८ च्या एका एकत्रित विश्लेषणात अशा उपक्रमांचा सरासरी परिणाम फारच किरकोळ निघाला. पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या शंभरेक शाळांच्या चाचणीत प्रगतीत वाढ दिसली नाही. त्याच वर्षी अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन धड्याने मागे पडलेल्यांचे गुण थोडे वाढले: शून्य ते चार अशा गुणांच्या मापावर सुमारे ०.१. याच अभ्यासाच्या माहितीतून २०२२ मध्ये पुढची गोष्ट कळली. गणिताचे शिक्षक स्वतः बुद्धी वाढते असं मानणारे असतील, तिथेच त्या धड्याचा गणिताच्या गुणांवर परिणाम टिकला.

शिक्षकाच्या मनातलं विद्यार्थ्यापर्यंत पोचतं कसं, याची एक वाट २०१२ च्या अभ्यासात दिसली होती. गणिताची क्षमता ठरलेली असते असं मानणारे शिक्षक एकाच परीक्षेवरून निष्कर्ष काढतात आणि मायेने समजूत घालतात: सगळ्यांनाच गणित जमतं असं नाही, तुला थोडा कमी गृहपाठ देतो. परीक्षेत कमी गुण मिळालेत आणि शिक्षक असं बोलताहेत, अशी कल्पना विद्यार्थ्यांना करायला सांगितली. त्यांनी बरोबर ओळखलं की या शिक्षकांना आपल्याकडून फारशी अपेक्षा नाही, आणि अभ्यासक्रमाच्या शेवटी आपल्याला किती गुण पडतील याचा आकडाही त्यांनी कमीच लिहिला.