लालिबेला

लालिबेला : उत्तर इथिओपियातील, अम्हारा प्रदेशाच्या लास्ता डोंगराळ भागातील ख्रिस्ती तीर्थक्षेत्र आणि अखंड खडकात कोरलेल्या अकरा चर्चचा समूह. समुद्रसपाटीपासून उंची सु. २,५०० मी.; आदिस अबाबापासून अंतर सु. ६४५ किमी. गावाचे जुने नाव रोहा. झाग्वे घराण्यातील राजा गब्रा मस्कल लालिबेला (कारकीर्द साधारणपणे बाराव्या शतकाची अखेर ते तेराव्याचा आरंभ) याच्यावरून आजचे नाव पडले. १९७८ मध्ये युनेस्कोने जाहीर केलेल्या पहिल्याच जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. अक्सूम या प्राचीन राजधानीचे शिलास्तंभ, गोंदरचे राजवाडे आणि लालिबेला अशी तिन्ही ठिकाणे एकाच फेरीत पाहण्याची प्रवाशांची जुनी रीत आहे.

योर्दानोस (जॉर्डन) नावाच्या ओढ्यामुळे चर्चचे दोन गट पडतात. उत्तर गटात बेते मेधाने आलेम, बेते मर्याम, बेते मस्कल, बेते देनागिल आणि एकमेकांना जोडलेली बेते गोलगोथा व मिकाएल ही येतात. शेवटची दोन एक धरली, तरच एकूण संख्या अकरा होते. पूर्व गटात अमानुएल, मर्कोरेयोस, अब्बा लिबानोस, गब्रिएल-रुफाएल व बेते लेहेम आहेत. बेते ग्योर्गिस पश्चिमेस एकटे आहे. ‘बेते’ म्हणजे अमक्याचे घर. मेधाने आलेम सर्वांत मोठे, सु. ३३ मी. लांब व २३ मी. रुंद, आत मधला गाळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पाखे. ग्योर्गिस क्रुसाच्या आकाराचे असून त्याची लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी सु. १२ मी. आहे. ते जमिनीच्या पातळीखाली खड्ड्यात उभे आहे, त्यामुळे अगदी कडेशी जाईपर्यंत दिसत नाही.

कोरण्याची पद्धत वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्याला सांगावी लागत नाही : चहूबाजूंनी चर खणून मधला ठोकळा सुटा करायचा, वरून खाली बाहेरचे अंग घडवायचे आणि दारे-खिडक्यांतून आत शिरून पोकळी काढायची. दोन्ही देशांचे हे पठार लाव्ह्याच्या थरांचे आहे. येथील खडक सच्छिद्र, लालसर व तुलनेने मऊ आहे. हे साम्य खडकाने आणि कामाच्या गरजेने आलेले आहे. एकाने दुसऱ्याचे पाहून केले, असे मानण्यास आधार नाही. घडणीचा नमुना अक्सूमचा आहे. अक्सूमच्या इमारतींत दगडी भिंतीतून लाकडी तुळयांची टोके बाहेर येत. लालिबेलात तुळयांचे काही काम नसताना ती टोके दगडातच कोरली आहेत, आणि अमानुएलच्या भिंतीवर दगड-लाकडाच्या आडव्या थरांची नक्कलही केली आहे. ती भिंत जवळून पाहावी. एक पट्टा बाहेर, एक आत, असे थर वरपर्यंत गेलेले दिसतात.

काल व कर्ते : येथे खरा वाद आहे. परंपरेनुसार सर्व चर्च एकट्या लालिबेलाने कोरविली आणि रात्री देवदूतांनी काम पुढे नेले. ही कथा ज्या चरित्रग्रंथात येते, तो सामान्यतः पंधराव्या शतकातील मानला जातो, म्हणजे राजानंतर दोनेक शतकांनी. १५२० च्या दशकात आलेल्या फ्रान्सिस्को आल्वारेस या पोर्तुगीज पाद्र्याने चर्चचे सविस्तर वर्णन करून ठेवले. ११८७ मध्ये जेरूसलेम सलाउद्दीनच्या हाती गेल्यावर राजाने येथे ‘नवे जेरूसलेम’ उभारले, हे मतही लोकप्रिय आहे. परंतु योर्दानोस, गोलगोथा (येशूला क्रुसावर दिले ती जागा) ही बायबलमधली नावे मूळ योजनेतली की नंतर रुजलेली, हे ठरवणे अवघड आहे. टेम्पलर या धर्मयुद्धांतील युरोपीय योद्ध्यांनी काम केल्याची कल्पना अभ्यासक विचारात घेत नाहीत.

पुरातत्त्वज्ञ डेव्हिड फिलिप्सन यांच्या मते काम अनेक टप्प्यांत झाले. मर्कोरेयोस व गब्रिएल-रुफाएल मुळात चर्च नव्हती. ती तटबंदीची वा राजनिवासाची जागा असावी आणि सातव्या-आठव्या शतकाइतकी जुनी असू शकते. गब्रिएल-रुफाएलची दिशा चर्चला साजेशी पूर्व-पश्चिम नाही व पुढे खोल चर आहे, हा त्यातला ठळक पुरावा. क्लेअर बॉस-तिएसे, मारी-लॉर देरा या फ्रेंच संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी चर आणि कोरताना निघालेल्या मलब्याचे ढिगारे तपासले. त्यांनाही एकाहून अधिक टप्पे दिसतात. मात्र शतके नेमकी लावणे कठीण आहे, कारण बांधकामात नवा थर जुन्यावर चढतो, तर कोरकामात नवे काम जुन्याला खाऊन टाकते. टप्प्यांचे मत आज अधिक ग्राह्य वाटते. त्याने लालिबेलाचे श्रेय जात नाही : त्याच्या नावाचे कोरीव लेख असलेल्या लाकडी वेदी येथे आहेत, आणि जुन्या जागांना तीर्थाचे रूप देण्यात त्याचा हात होता, याला त्या दुजोरा देतात.

ऱ्हास : मुख्य शत्रू पाणी. सच्छिद्र खडक पावसाळ्यात (जून ते सप्टेंबर) पाणी पितो, उन्हाळ्यात सुकतो. भेगा रुंदावतात, पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. विसाव्या शतकाच्या मध्यास छतांना डांबर व भिंतींना रंग फासला गेला. ओल आतच अडकली आणि पुढे इटालियन वास्तुविशारद सान्द्रो आन्जेलिनी यांच्या दुरुस्तीत ते लेप काढावे लागले. २००८ मध्ये पाच चर्चवर पोलादी खांबांची तात्पुरती छपरे चढवली. पाऊस थांबला, पण छपरांचा भार व वारा यांची काळजी सुरू झाली आणि २०१८ मध्ये गावकऱ्यांनी त्याविरुद्ध निदर्शने केली.

भेट : ही वास्तू पूजेत आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. प्रत्येक चर्चच्या गाभाऱ्यात ताबोत (बायबलमधील कराराच्या पेटीचे प्रतीक) असतो; पडद्यापलीकडे फक्त पुरोहित जातात. गोलगोथात स्त्रियांना प्रवेश नाही. पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात. गालिच्यांत पिसवा असतात, म्हणून जाड मोजे घालावेत. फ्लॅश वापरू नये. गब्रिएल-रुफाएलहून बेते लेहेमकडे जाणारा बोगदा पूर्ण काळोखी आहे; एक हात भिंतीवर ठेवून, डोके सांभाळून चालावे. दुपारी चर्च बंद असतात, त्यामुळे दोन गट दोन सकाळी पाहणे बरे. क्रम निवडता आला, तर मर्कोरेयोस व गब्रिएल-रुफाएलपासून सुरुवात करून ग्योर्गिस शेवटी पाहावे. चर, तटबंदी आणि मग सुटा घडवलेला क्रूस असा फरक डोळ्यांसमोर उलगडतो.

वेळ विचारताना घोटाळा होतो. इथिओपियात दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. तेथले ‘दोन’ म्हणजे आपले सकाळचे आठ. नाताळ (गेन्ना) ७ जानेवारीस असतो. त्या सुमारास पांढऱ्या शाली पांघरलेल्या यात्रेकरूंनी चर भरून जातात आणि खोली मिळणे दुरापास्त होते. तिमकत (येशूच्या बाप्तिस्म्याचा सण) १९ किंवा २० जानेवारीस. शाकाहारी प्रवाशाने बुधवार-शुक्रवार किंवा ईस्टरपूर्वीचे ५५ दिवस साधावेत. उपवासाच्या जेवणात मांस, दूध, अंडी नसतात, आणि तेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची इंजेरा आंबोळीची आठवण करून देते.

भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो, व तो लस घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य ठरतो. दाखला नसल्यास विलगीकरणात राहावे लागते. २०२१ मध्ये गाव काही महिने युद्धात सापडले होते, आणि २०२३ पासून अम्हारा प्रदेशात पुन्हा संघर्ष आहे. तिकिटे काढण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना पाहावी, आणि रस्त्याने न जाता विमानानेच जावे. विमानतळ गावापासून सु. २३ किमी. आहे.