टाकीचे झाकण कोणत्या बाजूला? चित्रातील नळीवर विसंबू नका

घोडबंदर रस्त्यावरील पेट्रोल पंपांच्या रांगेत आणि ठाण्यातील व्हॉट्सॲप गटांत एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: इंधनकाट्याजवळील पंपाच्या चित्रात नळी ज्या बाजूला, त्याच बाजूला टाकीचे झाकण असते. हे खरे नाही. ते चित्र ठरावीक साच्याचे असते आणि नळीची बाजू अनेक गाड्यांत झाकणाशी जुळत नाही. खरी खूण त्या चित्राशेजारील लहान त्रिकोणी बाण आहे, जो फोर्डमधील जिम मॉयलन यांनी १९८६ मध्ये सुचवला आणि १९८९ च्या मॉडेलांपासून वापरात आला.

झाकण नेहमी चालकाच्या विरुद्ध बाजूला असते, हेही चूक आहे, कारण आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडेच असूनही मारुती स्विफ्टचे झाकण डावीकडे, तर फोक्सवॅगन पोलोचे उजवीकडे असते. जुन्या वाहनांत तर याहून विविधता होती: विलीज जीपची टाकी चालकाच्या आसनाखाली, सुरुवातीच्या बीटलचे झाकण पुढच्या बॉनेटखाली आणि कित्येक अमेरिकी गाड्यांचे मागच्या नंबरप्लेटआड असे. मागून धडक बसल्यास आगीचा धोका वाढतो, हे शेवटची पद्धत मागे पडण्याचे एक महत्त्वाचे कारण.

बाण नसलेली जुनी गाडी प्रथमच चालवणाऱ्याने रांगेत शिरण्यापूर्वी उतरून झाकण पाहून घ्यावे.