अपघातानंतर दवाखान्यात पहिल्यांदा काय सांगाल? (आमच्या पक्षकारांसाठी माहिती)

रस्ता अपघाताच्या भरपाईसाठी येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती मिळतील?’ आमचाही पहिला प्रश्न ठरलेला आहे: दाखल केले त्या दिवशीचा केसपेपर कुठे आहे? ‘बिले आणली, एक्स-रे आणले, तो कागद कशाला?’ असे पुष्कळ जण विचारतात. म्हणून हे पत्रक.

रुग्णाला दाखल करताना डॉक्टर विचारतात, काय झाले? सोबतचा नातेवाईक घाबरलेला असतो. पोलिसांची भानगड नको असते. त्यात धडक देणारा गाडीवाला शेजारीच उभा राहून ‘सगळा खर्च मी करतो, तक्रार तेवढी करू नका’ म्हणत असतो. मग उत्तर दिले जाते, ‘मोटरसायकलवरून घसरून पडले.’ डॉक्टर तसेच लिहून घेतात. एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची दवाखान्यातली नोंद) होत नाही, पोलिसांना खबर जात नाही, घटनास्थळाचा पंचनामा होत नाही. काही दिवसांनी ऑपरेशनचे बिल हातात पडते, गाडीवाला फोन उचलेनासा होतो आणि तेव्हा कुठे फिर्याद दिली जाते.

पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनीचे वकील नेमका तोच कागद काढतात. स्वतःच्या चुकीने घसरून पडलेल्याला दुसऱ्या कोणाच्या गाडीवर दावा लावता येत नाही, मग ही गाडी नंतर आली कुठून, असा त्यांचा सवाल असतो. पायात रॉड घातलेला, खरोखर धडक बसलेला माणूस या एका ओळीमुळे साक्षीच्या पिंजऱ्यात खोटा ठरताना आम्ही पाहिला आहे. ते पाहवत नाही.

तेव्हा सोबत जाणाऱ्याने एवढेच सांगावे: कुठे, किती वाजता, कोणत्या वाहनाने आणि कोणत्या बाजूने धडक दिली. नंबर माहीत असेल तर नंबर. नसेल तर ‘अनोळखी वाहन’ असे स्पष्ट सांगावे, अंदाजाने नंबर देऊ नये. पोलीस येईपर्यंत उपचार थांबतील ही भीती मनातून काढा. कायदेशीर सोपस्कारांसाठी तातडीचे उपचार अडवता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितले आहे. मे 2025 पासून केंद्राच्या योजनेत नियुक्त रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून 7 दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. त्यासाठीही अपघाताची खात्री पोलिसांकडून व्हावी लागते.

‘ड्रायव्हर गरीब आहे, त्याच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?’ हेही खूप जण म्हणतात, आणि ते मनापासून म्हणतात. पण थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे तो याचसाठी. पॉलिसी चालू असेल आणि लायसन्स बरोबर असेल, तर भरपाई विमा कंपनी भरते. ड्रायव्हरवर निष्काळजीपणाचा खटला वेगळा चालतो हे खरे. पण तुमच्या ऑपरेशनचे पैसे त्याच्या खिशातून निघायचे नसतात. विमा नसला, तर मात्र ड्रायव्हर आणि मालक यांच्यावरच जबाबदारी येते.

चूक आधीच झाली असेल तर? कागदावर खाडाखोड करू नका, कोणाकडून करवूनही घेऊ नका. दवाखान्याला लेखी अर्ज द्या, पोलिसांना लगेच जबाब द्या, रुग्णवाहिकेची नोंद मागवा. आसपासच्या दुकानाचे सीसीटीव्ही चित्रण त्याच आठवड्यात मागा. बऱ्याच ठिकाणी ते थोड्याच दिवसांत पुसले जाते. न्यायाधिकरणाला फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, कोणती बाजू अधिक संभवनीय आहे ते पाहिले जाते. त्यामुळे वाट बंद होत नाही, लांबते. अशा प्रकरणात डॉक्टरांना साक्षीला बोलवावे लागते आणि तारखा वाढतात, मग ‘उशीर का होतो’ हा प्रश्न आम्हाला येतो.

मुदतीचेही लक्षात ठेवा. 2019 च्या दुरुस्तीनंतर दावा अपघातापासून 6 महिन्यांत दाखल करायचा आहे. ‘प्लास्टर निघाल्यावर बघू’ म्हणत थांबू नका. दावा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही लावता येतो. धडक देऊन पळालेल्या गाडीचा शोधच लागला नाही, तर मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपयांची सरकारी योजना आहे. तो अर्ज वेगळा.

आता ‘किती’. पहिल्या भेटीत आकडा आम्ही सांगत नाही, कारण तो वय, उत्पन्न आणि अपंगत्व यांवरून निघतो. समजा वय 34, स्वतःचा धंदा, महिना 20 हजार. वर्षाचे 2,40,000, भावी वाढीचे 40 टक्के धरून 3,36,000. कमाईची क्षमता 30 टक्के घटली तर 1,00,800, आणि या वयाचा गुणक (वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणतात तो वयावरून ठरणारा आकडा) 16, म्हणजे 16,12,800. उपचारखर्च आणि वेदनेची भरपाई वेगळी. यातले 30 टक्के म्हणजे अपंगत्वाच्या दाखल्यावरचा आकडाच असतो असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये हे स्पष्ट केले: शरीराचे अपंगत्व आणि कमाईतली घट या दोन गोष्टी आहेत. पाय गेलेला कारकून खुर्चीवर बसून काम करू शकेल, ट्रकचालकाचा धंदाच बुडतो. म्हणून तुम्ही रोज नेमके काय काम करत होता, हे आम्ही इतके खोदून विचारतो.

‘दुसरीकडे टक्क्यावर घेतात, तुम्ही का नाही?’ मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून घेणे वकिलांना नियमाने मना आहे. आमची फी ठरलेली असते आणि ती वकीलपत्रावर सही होण्याआधी लिहून देतो. विमा असलेली भलतीच गाडी दाव्यात दाखवण्याचे काम आम्ही करत नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. विमा कंपनीचा माणूस तडजोडीचा कागद घेऊन आला, तर सही करण्याआधी तो आम्हाला दाखवा. रक्कम रास्त असेल तर घ्या, असेच आम्ही सांगू.

येताना पहिला केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले आणि फिर्यादीची प्रत आणा. केसपेपर सापडत नसेल, तर दवाखान्यात नकलेसाठी करायच्या अर्जाचा नमुना आमच्याकडे तयार आहे. सोबत तुमचे ओळखपत्र ठेवा.