शुद्धलेखन : वहीतले आणि नियमांतले

‘शुद्धलेखन’ हा शब्द मराठीत दोन वेगळ्या कामांना वापरतात आणि निम्मा घोळ तिथेच आहे. शाळेत ‘रोज एक पान शुद्धलेखन’ म्हणजे धड्यातला उतारा वळणदार अक्षरात उतरवून काढणे. व्याकरणाच्या तासाला तोच शब्द ह्रस्व-दीर्घाचे नियम घेऊन येतो. पहिल्याने हात तयार होतो, दुसऱ्याने नजर. स्वतःचे वाक्य रचणे दोन्हींत नाही, तरी लिहायला शिकणे म्हणजे शुद्धलेखन हे समीकरण पक्के बसले.

हाताचा भाग जुना : धूळपाटी, बोरू, कित्ता गिरवणे. मोडी लिपीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकवत जायचे. शब्दांमध्ये जागा सोडत नसत आणि वेलांटी-उकारांचा ह्रस्व-दीर्घ भेद बहुधा पाळतच नसत. आज ज्या चुकीला सर्वांत जास्त गुण कापले जातात, ती चूक रोजच्या लिहिण्यात अनेक शतके चूकच नव्हती! छापखाने आले, बाळबोध म्हणजे देवनागरी लिपी रूढ झाली आणि ह्रस्व-दीर्घ कसे लिहायचे हा प्रश्न उभा राहिला.

१९६२ साली शुद्धलेखनाचे १४ नियम मान्य झाले, १९७२ मध्ये ४ वाढले. वेलांटी-उकारांवर बोट ठेवणारे नियम त्यांत बरेच असले, तरी खरा वाद पेटला तो टिंबावर. न उच्चारले जाणारे, केवळ व्युत्पत्तीने सिद्ध होणारे अनुस्वार देऊ नयेत असे ठरले. ‘नांव’चे नाव झाले, ‘कांहीं’चे काही. विरोधकांचा मुद्दा पोकळ नव्हता. ‘तें मूल आलें’ आणि ‘ते पाहुणे आले’ यांतला फरक डोळ्यांना दिसत होता, तो गेला. पण दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. जुन्या लेखनात ‘घरांत’ म्हणजे एका घरात की अनेक घरांत, हे रूपावरून कळत नसे. आता एकवचनी ‘घरात’, अनेकवचनी ‘घरांत’. टिंब गेले तिथे उलट नेमकेपणा आला.

गंमत म्हणजे घालवलेले टिंब मागच्या दाराने परतले. ‘केलें’ जाऊन ‘केले’ आले, पण तोंडात होते ‘केलं’. नियमांनी ‘असं, केलं’ ही रूपे पात्रांच्या तोंडापुरती ठेवली; औपचारिक लेखनात ‘असे, केले’. लेखकांनी ते कधीच मनावर घेतले नाही आणि आज कथा-ललितच काय, वृत्तपत्रांतले स्तंभही ‘केलं’ लिहितात. हे टिंब अनुनासिकाचे नव्हे, लांबवलेल्या ‘अ’चे. खूण तीच, काम नवे.

तेव्हापासून तक्रार ‘शुद्ध’ या शब्दाबद्दलच आहे. घरची बोली बोलणारे मूल ‘अशुद्ध’ ठरते, म्हणून ‘प्रमाणलेखन’ शब्द पुढे आला. शब्द बदलला, लाल शाईच्या खुणा त्याच जागी राहिल्या.

पुढचे टप्पे संगणकाच्या काळातले. २००९ च्या शासननिर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले, ‘ल’ व ‘श’ यांची वळणे ठरवली. २०२२ मध्ये सुधारित निर्णय आला. मोबाइलवर मात्र ‘कि’ टाइप केले तरी बहुधा कोणी अडवत नाही. नियमानुसार ते अव्यय दीर्घ, ‘की’. ह्रस्व राहण्याची सूट ‘आणि’ व ‘नि’ यांना आहे.