तिथीची पाऊणपट आणि भरतीची वीज

आमच्या बाजूला एक काका होते, खाजन शेतीच्या (खाडीकाठी बांध घालून केलेली शेती) मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दरवाजावर, जाळं लावायचे, त्यांना भरती किती वाजता विचारलं की घड्याळ नाही, आधी तिथी विचारायचे. तिथीची पाऊणपट करायची, चतुर्थी म्हणजे तीन वाजता भरती. हा हिशोब खरा मुंबईकडचा, गोव्यात भरती त्याच्या आधी लागते, म्हणून काका थोडं वजा करायचे. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते त्याचंच हे सोपं रूप. पौर्णिमेला 15 ची पाऊणपट सव्वाअकरा येते, पाहिजे बारा, म्हणजे पंधरवड्यात पाऊण तास कुठेतरी गळतो, पण जाळं लावायला तेवढं चालतं.

बंदराला चालत नाही. म्हणून 1872 च्या सुमारास विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, भरती सांगणारं मशीन काढलं. चंद्राची मुख्य लाट 12 तास 25 मिनिटांची, सूर्याची बरोबर 12 तासांची, अशा एकेका लाटेला एकेक कप्पी आणि सगळ्यांवरून फिरणारी एकच तार, तारेच्या टोकाची पेन्सिल वर्षभराची भरती काढून द्यायची. 1879 मध्ये एडवर्ड रॉबर्ट्सने असंच मशीन खास हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी डिझाइन केलं. म्हणजे भरती ओळखायचा प्रश्न तेव्हाच बऱ्यापैकी सुटलेला, भरतीतून वीज काढायचा मात्र अजून रखडलाय.

वीज मोठ्या प्रमाणात आली ती 1966 ला, फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखावर, 240 मेगावॅट. रान्सला नदीवर बांध घालून पाणी अडवतात. दक्षिण कोरियातलं सिह्वा 2011 चं, 254 मेगावॅट, तिथेही बांधच. पण बांध घातला की गाळ, मासे, होड्या सगळ्याचीच पंचाईत, म्हणून लोक बांध सोडून नुसत्या वाहत्या पाण्यात पवनचक्कीसारखी चक्की उभी करायला लागले. उत्तर आयर्लंडमध्ये 2008 ला सीजेन, 1.2 मेगावॅट, नंतर स्कॉटलंडच्या पेंटलंड फर्थमध्ये मेजेन, दीड मेगावॅटच्या चार चक्क्या. आपल्याकडे खंबात आणि कच्छच्या आखातांची नावं कधीपासून ऐकतोय, सुंदरबनात दुर्गादुआनीला 3.75 मेगावॅटचा प्लॅन होता, सगळं कागदावरच राहिलं.

आता कोणीतरी विचारणारच, मग आपल्या गोव्याच्या मांडवी नदीत का नाही? कारण पाण्याचा वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते, आणि उलट अर्धा झाला की आठवा हिस्सा उरतो. पेंटलंडला उधाणाला पाणी सेकंदाला चार-पाच मीटर धावतं, मांडवी-जुवारीत मीटरभर म्हणजे खूप झालं, आणि भरती-ओहोटीतला फरक उधाणालाही दोन मीटरच्या आसपास, भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, त्याच्या निम्माच. त्या हिशोबाने आपली मानस भारी, लाकडी दरवाजा, भरतीचं पाणी स्वतःच त्याला ढकलून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी स्वतःच उघडतं, ना मोटर ना वीज, शेकडो वर्षं चाललंय.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. टाइड टेबलमध्ये, म्हणजे भरती-ओहोटीच्या छापील वेळापत्रकात, असते ती पाण्याची उंची, वेग नाही. पाणी सगळ्यात वर असतं त्याच क्षणी ओढ थांबेलच असं नाही, शिवाय कुंभारजुव्याचा कालवा दोन्ही नद्यांना जोडतो, तिथे दोन्हीकडून भरती शिरते. म्हणून चक्की कुठे लावायची ते ठरवायला जागेवर मीटर टाकून निदान महिनाभर वेग मोजावा लागतो, आणि आपल्याकडे तो महिना उन्हाळ्यातला धरून भागत नाही, कारण जूनमध्ये घाटावरचं पाणी उतरलं की ओहोटीचा जोर वाढतो, भरतीचा कमी होतो, चंद्र तोच असला तरी. बेती-पणजी फेरीबोट पावसात बघा, समोर धक्का दिसत असतो तरी ती नाक वरच्या बाजूला धरून तिरकी तिरकी जाते.