म्हैस उलटते तेव्हा: शुक्राणूंच्या तयारीची पाऊणशे वर्षे

करवीर, कागल, गडहिंग्लज, कोल्हापूरच्या कुठल्याही तालुक्यात दूध संस्थेच्या दारात उभे राहा, एक नियम हमखास कानावर पडतो. म्हैस सकाळी माजावर आली तर संध्याकाळी भरवा (रेतन करून घ्या), संध्याकाळी आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हा हिशेब १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात ट्रिंबर्गर यांनी गायींचा माज आणि बीज, म्हणजे स्त्रीबीज, सुटण्याची वेळ ताडून पाहिली, तिथून आला. भारतात कृत्रिम रेतन १९३९मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत सुरू झाले. कोल्हापूरचा ‘गोकुळ’ दूध संघ १९६३चा. इथे दुधाचा धंदा संस्थांच्या जाळ्यावर उभा राहिला तेव्हा हा नियम आधीच रुळलेला होता. पण बारा तास थांबायचे का, याचे रासायनिक उत्तर तेव्हा अर्धेच हाती आले होते.

प्रश्नाची सुरुवात सशांपासून झाली. प्रयोगशाळेत बीज आणि ताजे शुक्राणू एकाच भांड्यात ठेवले की फलन व्हायला हवे, असा साधा समज होता, आणि ते होत नव्हते. शुक्राणू पोहत होते, बीजाला धडकत होते, आत मात्र शिरत नव्हते. १९५१मध्ये अमेरिकेत मिन च्युए चँग आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांनी एकमेकांशी संबंध न ठेवता एकच गोष्ट दाखवली: मादीच्या जननमार्गात काही तास काढल्याशिवाय शुक्राणू फलनक्षम होत नाही. सशात हा काळ साधारण सहा तासांचा निघाला. पुढच्या वर्षी ऑस्टिन यांनी या बदलाला ‘कपॅसिटेशन’ हे नाव दिले. आपण त्याला तयारी म्हणू. १९५७मध्ये चँग यांनी आणखी एक पत्ता उघडला. तयार झालेले शुक्राणू पुन्हा वीर्यद्रवात टाकले की त्यांची तयारी मोडते, आणि मादीच्या जननमार्गात परत ठेवले की ती पुन्हा येते. म्हणजे वीर्यद्रव शुक्राणूला नुसता वाहून नेत नाही, त्याला दाबूनही धरतो.

ही तयारी म्हणजे नेमके काय, हे उलगडायला पुढची चाळीसएक वर्षे गेली. नर जनावराच्या अंगात शुक्राणू साठतात तिथे बायकार्बोनेट फारच कमी असते, मादीच्या बीजवाहिनीत भरपूर. शुक्राणू तिथे पोचला की हे बायकार्बोनेट त्याच्या आतल्या एका एन्झाइमला थेट चेतवते. हे एन्झाइम बायकार्बोनेट ओळखते, हे २००० साली नक्की झाले. त्यातून सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो आणि शेपटीतल्या प्रथिनांवर फॉस्फेट चढू लागते. दुसरीकडे अल्ब्युमिन हे प्रथिन शुक्राणूच्या आवरणातले कोलेस्टेरॉल ओढून घेते, त्यामुळे आवरण सैल पडते आणि कॅल्शियम आत येऊ लागते. शेपटीचे संथ, एकसारखे वल्हवणे थांबून चाबकासारखे फटकारे सुरू होतात. हे जोराचे पोहणे आधी हॅमस्टरमध्ये दिसले, यानागिमाची यांच्या कामात.

वळूच्या वीर्यासाठी यातली सर्वांत उपयोगी पायरी १९८८ची. पॅरिश आणि सहकाऱ्यांनी दाखवले की माध्यमात दर मिलीला १० मायक्रोग्रॅम हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे द्रव्य) टाकले, तर वळूचे शुक्राणू चार तासांत तयार होतात. तेही एका अटीवर: माध्यमात ग्लुकोज नको, ग्लुकोजने हेपॅरिनचे काम अडते. तापमान ३८.५ ते ३९ अंश आणि हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, कारण त्याशिवाय बायकार्बोनेट टिकत नाही आणि माध्यमाचा सामू चढतो. प्रयोगशाळेत कालवडीची बीजे फळवायची पद्धत आजही बरीचशी याच आधारावर चालते.

मग बीजाजवळचे संकेत. बीजाभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन सोडतात. माणसाच्या शुक्राणूच्या शेपटीवर कॅटस्पर नावाची कॅल्शियमची वाट असते. तिचा शोध २००१चा. प्रोजेस्टेरॉनने ती काही क्षणांत उघडते, हे २०११मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवले. उंदरात मात्र तसे होत नाही. म्हणून माणसातले निष्कर्ष गोठ्यात जसेच्या तसे आणणे धोक्याचे. गंमत अशी की हेच प्रोजेस्टेरॉन रक्तात चढलेले असते तेव्हा म्हैस माजावर येतच नाही. बीजाच्या उंबऱ्यावरचा इशारा आणि अंगातला चढउतार, संप्रेरक एकच, कामे वेगळी. शेवटची भेट प्रथिनांची: शुक्राणूवरचे इझुमो २००५मध्ये सापडले (नाव जपानमधल्या लग्नाच्या देवस्थानावरून), बीजावरची त्याची जोडीदार जुनो २०१४मध्ये.

आता कांडीकडे, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळीकडे. ग्लिसरॉल घालून शुक्राणू गोठवता येतात, हे १९४९मध्ये इंग्लंडमध्ये लक्षात आले. आज ०.२५ मिलीच्या कांडीत साधारण २ कोटी शुक्राणू असतात, उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रात बुडलेले. गोठवण्या-वितळवण्यात त्यांच्या आवरणाला जो धक्का बसतो, त्याने कोलेस्टेरॉल सुटते, कॅल्शियम आत झिरपते, आणि वीर्यद्रवातला आवर आधीच बराच धुतला गेलेला असतो. म्हणजे कांडीतून बाहेर पडणाऱ्यांपैकी बरेच शुक्राणू अर्धवट तयार झालेलेच असतात. ताजे शुक्राणू बीजवाहिनीच्या भिंतीला चिकटून वाट पाहू शकतात. या अर्धवट तयार शुक्राणूंचे आयुष्य मात्र तासांवर येते. बीजही सुटल्यावर ६ ते १२ तासच चांगले राहते. बारा तासांच्या नियमामागचे उत्तर यातच आहे: घाई केली तर शुक्राणू थकून जातात, उशीर केला तर बीज शिळे होते.

म्हणून कांडी वितळवताना ३७ अंशाचे पाणी आणि ३० सेकंद, दोन्ही मोजून. नुसते ‘कोमट’ पुरत नाही, थर्मामीटर हवाच. कांडी कंटेनरच्या तोंडाशी धरून शोधत बसलात, तर तिथेच ती अर्धी वितळते आणि परत बुडवल्यावर बर्फाचे मोठे स्फटिक शुक्राणूला फाडतात. पाण्यातून काढली की कोरडी पुसा. पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्राणू फुगून मरतात. थंडीच्या सकाळी गन (कांडी बसवून रेत सोडायची नळी) खिशात किंवा अंगाशी धरून गरम करायची, नाहीतर वितळलेल्या कांडीला पुन्हा गारठा बसतो. रेत गर्भाशयाच्या मुखाच्या पलीकडे, गर्भाशयाच्या मुख्य भागाच्या सुरुवातीलाच सोडायचे.

म्हैस उलटली, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की ‘औषध कमी पडलं, दोन कांड्या भरा’ असा आग्रह होतो. एकाच वेळी दोन कांड्यांनी शुक्राणू वाढतात, वेळ सुधारत नाही. पंढरपुरी किंवा मुऱ्हा म्हशीचा माज मुका असतो, बऱ्याचदा रात्रीच सुरू होतो, आणि उन्हाळ्यात तर दिसेनासाच होतो. पहाटे धार काढायच्या वेळी गोठ्यात पडलेली काचेसारखी चिकट तार पाहिली नाही, तर माज कधी सुरू झाला हेच कळत नाही. मग मोजायचे कुठून? दुसऱ्या दिवशीही माज टिकला असेल तर बारा तासांनी एक कांडी पुन्हा भरण्यात अर्थ आहे.

कालवडीच होणाऱ्या सेक्स सॉर्टेड कांडीत हा हिशेब आणखी आवळतो. तिच्यात साधारण २० लाख शुक्राणू असतात, आणि मशीनमधून रंग, दाब, लेसर असे सगळे सोसून ते बाहेर पडलेले असतात, त्यामुळे तयारीकडे आणखी सरकलेले. अशी कांडी गायीला बारा तासांपेक्षा उशिरा, माज सुरू झाल्यापासून १६ ते २४ तासांत, बीज सुटण्याच्या जवळ भरतात. माज कधी सुरू झाला हे पाहिलेले नसेल, तर महागडी कांडी वाया घालवू नये, साधीच वापरावी.