पार्श्वभूमी : पहिल्या एलिझाबेथची ४४ वर्षं

३१ डिसेंबर १६०० ही ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेची तारीख आपल्याला शाळेपासून पाठ आहे. सनद देणारी राणी पहिली एलिझाबेथ तेव्हा ६७ वर्षांची होती आणि तिला गादीवर येऊन ४२ वर्षं झाली होती. लंडनच्या व्यापाऱ्यांनी सप्टेंबर १५९९ मध्येच ३० हजार पौंडांहून अधिक भांडवलाची कबुली गोळा केली होती. पण स्पेनशी तहाची बोलणी व्हायची होती, ती बिघडू नयेत म्हणून त्यांना थांबवलं गेलं. बोलणी फिसकटली तेव्हा कुठे सनद निघाली, आणि तीही १५ वर्षांपुरतीच. हे सव्वा वर्ष थांबणं मला तिच्या साऱ्या कारभाराची खूण वाटतं.

घाई महागात पडते हे तिला फार लवकर कळलं होतं. जन्म ७ सप्टेंबर १५३३ चा. ती तीन वर्षांचीही नव्हती तेव्हा वडिलांनी, आठव्या हेन्रीने, तिच्या आईचा शिरच्छेद करवला आणि पोरीला अनौरस ठरवलं. सावत्र बहीण मेरी राणी असताना, १५५४ मध्ये, बंडात हात असल्याच्या संशयावरून तिने टॉवर ऑफ लंडनमध्ये दोन महिने कैद भोगली. १७ नोव्हेंबर १५५८ ला मेरी वारली आणि २५ वर्षांची एलिझाबेथ राणी झाली.

हाती आलेला देश धर्माच्या भांडणाने पोळलेला होता. वडिलांनी पोपपासून तोडलेलं चर्च कॅथलिक मेरीने पुन्हा त्याला जोडलं होतं, आणि तिच्या काळात सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जिवंत जाळलं होतं. १५५९ च्या कायद्यांनी चर्च पुन्हा पोपपासून तोडलं, पण राणीने 'चर्चची प्रमुख' हे वडिलांचं बिरुद न घेता 'सर्वोच्च प्रशासक' एवढंच म्हणवून घेतलं. त्याच वर्षीचं प्रार्थनापुस्तक पाहावं. १५४९ च्या पुस्तकात, चर्चमधल्या कम्युनियनच्या विधीत भाकर देताना धर्मगुरू 'ख्रिस्ताचं शरीर' म्हणे. १५५२ च्या पुस्तकात ते शब्द काढून 'त्याच्या स्मरणार्थ घे आणि खा' एवढंच ठेवलं होतं. पहिलं वाक्य कॅथलिक श्रद्धेच्या जवळचं, दुसरं कडव्या प्रोटेस्टंटांना पटणारं. १५५९ मध्ये दोन्ही एकापुढे एक जोडली. गुडघे टेकलेल्या माणसाने आपल्याला हवं ते ऐकावं! राज्य चालवण्याची एवढी समजूत त्या काळच्या युरोपात दुर्मीळ होती.

ही समजूत शेवटपर्यंत टिकली नाही, हेही सांगायला हवं. १५७० मध्ये पोपने तिला बहिष्कृत केलं आणि प्रजेला निष्ठेतून मोकळं केलं. पुढे कॅथलिक धर्मगुरू असणं हाच राजद्रोह ठरला, कित्येकांना फासावर जावं लागलं. अशाच दिवसांत इंग्लंड सोडून रोमला जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचा सदस्य, झालेला एक तरुण ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला. तेच आपले फादर स्टीफन्स, मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचणारे. १५८३ मध्ये एलिझाबेथचं अकबराच्या नावचं पत्र घेऊन निघालेले इंग्रज व्यापारी पोर्तुगिजांनी पकडून गोव्यात आणले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवायला धावले ते हेच फादर. ज्या राज्यात त्यांच्या धर्माला जागा उरली नव्हती, त्या राज्याची ही माणसं. मला हा प्रसंग विसरता येत नाही.

१५८८ मध्ये स्पेनच्या १३० जहाजांच्या आरमाराचा बेत फसला, त्यात इंग्रज खलाशांइतकाच वादळाचाही हात होता. तिचं नाव गाजलं ते त्यामुळे. मला तिच्या काळाची दोन शांत कामं मोठी वाटतात. वडिलांच्या काळात चांदीत हीण मिसळून बिघडवलेली नाणी १५६०-६१ मध्ये परत घेऊन चोख नाणी पाडली गेली. आणि १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीवर, आपल्या गरिबांसाठी कर गोळा करण्याची जबाबदारी आली. ती व्यवस्था १८३४ पर्यंत चालली.

लग्न तिने टाळलं, वारसाचं नावही अखेरपर्यंत जाहीर केलं नाही. कंपनीच्या पहिल्या सफरीची चार जहाजं १६०१ मध्ये तिचं पत्र घेऊन सुमात्रातल्या आचेच्या सुलतानाकडे गेली. २४ मार्च १६०३ ला राणी वारली. त्या वर्षी मिरी भरून जहाजं परतली तेव्हा गादीवर जेम्स होता. त्याची आई, स्कॉटलंडची मेरी, हिला एलिझाबेथने १९ वर्षं कैदेत ठेवलं होतं, आणि तिच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सही करायलाही कितीतरी दिवस लावले होते.